सावलीत बोलणारी म्हातारी

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही पदरचा नाही. खात्री करायची तर माझ्या बायकोला विचारता येईल. अर्थात ती या विषयावर बोलत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बायको मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्स आहे. दोघंही दिवसभर उभे असतो. घरी आल्यावर कुणी कुणाला पाणी द्यायचं, एवढ्यावरूनच आमची भांडणं होतात.

मला नाद एकच, हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश ऐकण्याचा. तो मला तारमास्तरांनी लावला. मास्तर पूर्वी तार ऑफिसात होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे. त्यांना जवळचं माणूस असं आम्हीच.

आम्ही दोघं एका जुन्या उपग्रहाचं बोलणं लिहून घ्यायचो. चोवीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांनी बनवलेला. ज्यांनी वर पाठवला तेही त्याला विसरले होते. पण तो बिचारा दर मिनिटाला मोर्सच्या टिकटिकीत आपलं नाव आणि सहा आकडे पाठवायचा. बॅटरीत जोर किती, अंग तापलंय किती, असं. मास्तर त्याला म्हातारी म्हणायचे.

म्हातारीची बॅटरी सहा वर्षांपूर्वी मेली. तेव्हापासून अंगावर ऊन असेल तरच ती बोलायची. पृथ्वीच्या सावलीत शिरली की गप्प.

अगदी गप्प.

त्या मंगळवारी दुपारी मास्तरांचा फोन आला.

"अरे, आज रात्री पावणेनऊच्या सुमारास ती डोक्यावरून जाते. सावलीतून. मेलेल्या बॅटरीत कधी कधी धुगधुगी येते म्हणतात. तू ऐक, मीही ऐकतो."

मी अकरा तास लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकून आलो होतो. हात उचलवत नव्हते. पण मास्तरांना नाही म्हणणं जमायचं नाही. बाल्कनीतला अँटेना फिरवला, हेडफोन लावले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पेन्सिल घेऊन बसलो.

आठ बेचाळीसपर्यंत नुसती खरखर.

मग खरखर थांबली...

कमी झाली नाही. थांबली. कुणीतरी श्वास रोखून धरावा तशी.

आणि टिकटिक सुरू झाली.

म्हातारीचं नाव. मग सहा आकडे. ९६, ११८, ७४, २२, ९३, ३८.

मला हसू आलं. मेलेल्या बॅटरीचा जोर शहाण्णव? पण हाताला सवय होती, लिहीत गेलो. दर मिनिटाला एक ओळ, शेजारी वेळ. दहा ओळी झाल्या आणि पुन्हा खरखर.

लगेच मास्तरांना फोन लावला.

"कसले आकडे?" ते म्हणाले. "इथे चिडीचूप आहे. दमलायस तू. डुलकी लागली असेल."

"मास्तर, कागद आहे माझ्या हातात!"

"मग रेकॉर्डिंग ऐक की."

ऐकलं. सगळी खरखर. टिकटिक कुठेच नाही. फक्त एक बारीक आवाज होता... माझ्या पेन्सिलीचा. कागदावर भराभर चाललेली.

म्हातारी पुन्हा येणार होती दहा चोवीसला. झोप उडालीच होती. बसलो. या वेळी सात ओळी आल्या. चौथ्या ओळीपासून पहिले पाच आकडे शून्य होते. फक्त शेवटचा होता. ३८. मग ३६. ३४. ३१.

तेवढ्यात बायको ड्यूटीवरून आली. पर्स टाकली, खुर्चीत बसली आणि टेबलावरचे दोन्ही कागद बघितले.

"हा कुणाचा चार्ट?"

"कसला चार्ट?"

"अहो, नाडी, ब्लडप्रेशर वरचं, खालचं, श्वास, ऑक्सिजन, ताप सेल्सिअसमध्ये. आमचा रोजचा क्रम आहे हा." तिने दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "इथे पेशंट गेला. पण पुढे का लिहिलंय? गेल्यावर ताप कोण मोजतं?"

मी सांगितलं. ती हसली नाही. "जेवायचंय का?" एवढंच म्हणाली.

त्या रात्री आम्ही सगळ्यांना फोन केले. तिची आई, माझा भाऊ, आत्या, यच्चयावत सगळे. सगळे ठणठणीत. आत्याने तर झोपमोड केली म्हणून फैलावर घेतलं.

विषय संपला. कागद मी ड्रॉवरमध्ये टाकले.

चार महिन्यांनी मास्तरांना न्यूमोनिया झाला.

सोमवारी पहाटे मीच त्यांना बायकोच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. बायकोची ड्यूटी होती. मला तिने घरी पाठवलं, "थोडं पडा, मी आहे." सकाळी दहा वाजता तिचा फोन.

आवाज अगदी शांत... नको इतका शांत.

"ते कागद आहेत का अजून?"

ड्रॉवर उपसला. सापडले.

"पहिली ओळ वाचा."

"शहाण्णव, एकशे अठरा, चौऱ्याहत्तर, बावीस, त्र्याण्णव, अडतीस."

"आठ वाजताची आहे ही. दुसरी?"

वाचली.

"नऊ. तिसरी?"

तिसरी वाचता वाचता मला तिच्या मागचं मॉनिटरचं टूं टूं ऐकू येत होतं.

"चौथी वाचू नका," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "नाही. वाचा. लिहून घेते."

दहाव्या ओळीपर्यंत, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत, एकही आकडा चुकला नाही. सातव्या ओळीत ऑक्सिजन एकदम खाली होता. तिने पंधरा मिनिटं आधीच डॉक्टरांना उभं केलं, मास्क बदलला, औषध वाढवलं. तरी दोन वाजता तोच आकडा. नेमका तोच.

मी घरी कागदावर हिशोब मांडला. माझं एक मिनिट म्हणजे तिथला एक तास. पहिल्या पानाची शेवटची ओळ आठ एक्कावन्नची. दुसऱ्या पानाची पहिली दहा चोवीसची. मध्ये त्र्याण्णव मिनिटं.

म्हणजे त्र्याण्णव तास.

म्हणजे शुक्रवार, दुपारी दोन.

मधल्या त्र्याण्णव तासांबद्दल कागद काहीच बोलत नव्हता. आम्ही त्या कोऱ्या जागेलाच धरून होतो. बायकोने ड्यूट्या बदलून घेतल्या. खुर्चीतच झोपायची, बसल्या बसल्या. मी काम संपवून जायचो, डबा द्यायचो आणि तिथेच भिंतीला टेकायचो. आम्ही दोघं एकमेकांशी जवळजवळ बोललोच नाही. बोलायला ताकद लागते.

आणि मास्तर सुधारत गेले! बुधवारी मास्क निघाला. गुरुवारी उठून बसले, चहा बेचव आहे म्हणून तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी साध्या वॉर्डात हलवू."

बायकोने हात जोडले. "सर, फक्त उद्याचा दिवस ठेवा इथे."

"सिस्टर, पेशंटपेक्षा तुम्हालाच झोपेची गरज आहे," डॉक्टर म्हणाले. पण ठेवलं.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. पावणेदोनला मास्तरांच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला.

"म्हातारीला ऐकतोस ना रे?"

"ऐकतो."

खोटं होतं. चार महिने रेडिओला हात लावला नव्हता.

"काय म्हणते?"

"बरी आहे म्हणते."

मास्तर हसले. "तुला कधी धड थाप मारता आली नाही."

त्यांना काय कळलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले.

मॉनिटर ओरडला.

डॉक्टर, दोन नर्स, सगळे आधीपासून तयार होते. बायकोने एकही क्षण वाया घालवला नाही. कुणालाही दोष देता येणार नाही. तीन तास ती माणसं झगडली. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. दर तासाला बायको दारात यायची, माझ्याकडे बघायची आणि मान हलवायची.

होय, तेच.

बरोबर पाच वाजता मास्तर गेले.

चार्ट तिथे संपला. माझ्या कागदावर मात्र आणखी तीन ओळी होत्या. त्यातला ताप कुणी मोजला असेल, याचा विचार मी करत नाही. करायचा नाही असं ठरवलंय.

दहाव्या दिवशी अँटेना उतरवला. रेडिओ क्लबला देऊन टाकला. कागद जाळले. बायको शेजारी उभी राहून बघत होती, पूर्ण जळेपर्यंत.

त्याला आता दीड वर्ष झालं. पण गेल्या बुधवारी एक फोन आला.

अनोळखी माणूस. दुसऱ्या गावचा. नंबर क्लबच्या जुन्या यादीतून मिळाला म्हणाला.

"तो जुना उपग्रह तुम्ही ऐकायचात ना? काल तो सावलीत बोलला हो. दर मिनिटाला सहा आकडे. आणि रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही! मला वेड लागलंय का?"

"कागद जाळून टाका," मी म्हणालो. "कुणाला दाखवू नका."

"जाळतो. पण एवढंच सांगा, हे बॅटरीचेच आकडे ना? ही बघा पहिली ओळ..."

मी फोन ठेवायला हवा होता.

ठेवला नाही. त्याने सगळं वाचलं, शेवटपर्यंत. आणि हात... हात पेन्सिल शोधत होता.

फोन ठेवून वळलो तर बायको दारात. अंगावर अजून ड्यूटीचे कपडे.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

ती ओट्यापाशी गेली. गॅस पेटवला, चहा ठेवला. पाठमोरीच दोन कप विसळले. मग न वळताच विचारलं,

"किती ओळी होत्या?"

मी सांगितलं नाही.

तिने पुन्हा विचारलेलं नाही. पण त्या रात्रीपासून ती झोपली की मी तिचं मनगट हातात घेऊन बसतो. आणि मोजत नाही.