मागच्या सीटचं माप

इसरू गेडामला घाई केलेली चालत नसे. नागभीडहून तळोधीकडे निघालं की उजव्या हाताला कवेलूच्या छपराचं घर आणि त्याला चिकटून पत्र्याचं शेड दिसतं, तेच त्याचं गॅरेज. गाडी ठेवून जायची आणि त्यानं बोलावलं की यायचं. उगाच समोर उभं राहून "झालं का, झालं का" केलं, तर पठ्ठ्या पाना खाली ठेवून बिडी पेटवायचा. पण काम असं चोख की माणसं मुकाट ऐकून घ्यायची.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आतलं दुखणं ओळखायचा. म्हणून तर माजरीच्या कोळसा खाणीतले अतुल साहेब आपली हजार सीसीची मोटरसायकल इतक्या लांब त्याच्याकडे आणायचे. दूरच्या प्रवासाची वेगवान गाडी ती. पुढे वारा अडवणारी काच, बाजूंना सामानाचे दोन डबे, आणि मागची सीट इतकी ऐसपैस की बसणाऱ्याचा डोळा लागावा.

"इसरूभाऊ, रविवारी सकाळी मी अन् माझी बायको मोनाली निघतो. पार समुद्रापर्यंत," बुधवारी साहेब किल्ली देत म्हणाले. "दोघांच्या वजनाचं सगळं लावून ठेवा."

"ठेवतो नं साहेब. तुमी बेफिकीर राहा."

गुरुवारी सकाळी त्यानं ऑइल बदललं, चेन धुऊन ताणली, चौघांची ओढ सारखी व्हावी म्हणून चारही सिलेंडरला नळ्या लावून गेजचे चार काटे एका रेषेत आणले. मग मागची स्प्रिंग. ती कमीजास्त करायच्या चकतीवर एकट्यासाठी एका हेल्मेटचं आणि दोघांसाठी दोन हेल्मेटांचं चित्र होतं. चित्रांवर इसरूचा भरवसा नव्हता. त्यानं टेप काढला. रिकाम्या गाडीची मागच्या चाकाच्या आसापासून शेपटापर्यंतची उंची भरली सहाशे दहा मिलिमीटर. दुसरे मिस्त्री अशा वेळी मागे कुणाला तरी बसवतात. इसरूकडे बसवायला कुणी नव्हतं. तो तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा सीटवर बांधायचा. कट्ट्यासकट पाचशे एक्क्याऐंशी. दोन्ही आकडे त्यानं खडूनं भिंतीवर लिहिले आणि कट्टा उतरवला.

कुणी नव्हतं, कारण तीन वर्षांपूर्वी चैत्रात त्याची बायको धुरपता तळोधीच्या जंगलात मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं नेली. जे सापडलं ते एका धोतरात बांधून आणलं. मुलगी करिश्मा बल्लारपूरला दिलेली. दिवस कामात जायचा हो, पण जेवायला एकटं बसलं की घास उतरत नसे.

धुरपताला नेलं त्या जागी, रस्त्याच्या कडेला, दगडांचा आणि वाळल्या डहाळ्यांचा ढीग आहे. वाघानं माणूस नेलेल्या जागी येणाराजाणारा दगड नाहीतर डहाळी ठेवतो, अशी इकडची रीत. ढीग धुरपताच्याही आधीचा; पहिला कुणाचा, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. इसरू दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीची चाचणी तिथपर्यंतच करायचा. डहाळी ठेवायची आणि गाडी वळवायची. ढोरं चारणाऱ्या म्हाताऱ्या लटारूनं त्याला तेव्हाच बजावलं होतं.

"तिथी तोंड उघडाचं नाई, इसरू. डहाळी ठेवाची अन् मुकाट्यानं निंगाचं. कोनाले बोलवाचं नाई."

तीन वर्षं त्यानं हे पाळलं.

त्या गुरुवारी अकराचं वैशाखातलं ऊन होतं. डहाळी ठेवून तो गाडीवर बसला. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. असल्या सीटवर धुरपता बसली असती तर काय म्हणाली असती, असं काहीसं मनात आलं. त्यानं पहिला गिअर टाकला, आणि बावीस वर्षं क्लच सोडण्याआधी जे म्हणायची सवय होती ते तोंडातून निघून गेलं.

"बसली काय वो?"

गाडी मागून दबली.

झटका नाही, आवाज नाही. नवखा माणूस आधी अंदाज घेतो आणि मग अंग टाकतो, तशी सावकाश दबली. इसरूनं मागे पाहिलं नाही. सात किलोमीटर तो तिसऱ्या गिअरमध्ये आला. वळणावर पुढचं चाक हलकं लागत होतं, ब्रेक मारला की मागून भार पुढे सरकत होता. मागे माणूस असला की गाडी अशीच वागते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

शेडमध्ये उतरून त्यानं टेप लावला. पाचशे पंच्याऐंशी. पुन्हा लावला. पंच्याऐंशीच. स्प्रिंग पाहिली, सांधे पाहिले, हवा पाहिली, डबे उघडून पाहिले. सगळं जागच्या जागी, डबे रिकामे. मग तो भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत राहिला. पन्नास किलोला एकोणतीस मिलिमीटर, तर पंचवीसला किती? त्रेचाळीस किलो.

शेवटच्या हिवाळ्यात तापानं पडली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, "त्रेचाळीसच भरलं, धुरपताबाई. जेवत जा जराशी."

इसरू तिथंच जमिनीवर बसला आणि भोकाड पसरून रडला. भीती? छे! भीती कसली, त्याला इतका आनंद झाला होता की काय करावं सुचेना. त्यानं सीट फडक्यानं पुसली आणि स्प्रिंगची चकती दोन हेल्मेटांवर फिरवावी तर गाडी हलेल, तिला त्रास होईल, म्हणून तशीच ठेवली.

शुक्रवारी त्यानं तिला घोडाझरीचा तलाव दाखवायला नेलं. बिचारी वर्षानुवर्षं म्हणायची, एकडाव घोडाझरी दाखवा, आणि दरवेळी याचं कुणाचं तरी इंजिन उघडं पडलेलं असायचं. बांधाच्या पाळीवर गाडी उभी करून तो तासभर बोलला. करिश्माच्या बाळंतपणाचं सांगितलं, कोणत्या भिंतीला ओल आली ते सांगितलं. मागून उत्तर आलं नाही, पण ऐकणारं कुणीतरी होतं, एवढं त्याला पुरलं.

परतताना लटारूची ढोरं रस्ता ओलांडत होती. गाडी दिसताच सगळी एका जागी थबकली. लटारूनं डोळ्यांवर हात धरला.

"मांगं कोन हाये?"

"कोनी नाई."

"मंग ढोरं काऊन थांबले?"

इसरूनं ढोरांना बगल देऊन गाडी पुढे काढली.

शनिवारी सकाळी टेप पाचशे एकोणऐंशी सांगत होता. दोन दिवसांत सहा मिलिमीटर, म्हणजे दहाएक किलो. "माहेरी आल्यावानी सुधरली," म्हणत तो हसला. हसू फार वेळ टिकलं नाही, पण ते उन्हानं असेल असं त्यानं ठरवलं.

उद्या साहेब येणार. त्या सीटवर मोनालीबाई बसणार, आणि धुरपता? ती परक्या माणसांबरोबर कुठं समुद्रापर्यंत जाणार? पार्ट मिळाला नाही म्हणून फोन करावा, असं दहादा मनात आलं. पण गिऱ्हाईकाशी तो कधी खोटं बोलला नव्हता. दुपारी त्यानं गाडी ढकलत घराच्या दारात नेली. नेताना घाम फुटला.

"उतर वो," तो म्हणाला. "घर आलं."

काहीच झालं नाही. अंगणात कडक ऊन, कुठं पाखरू बोलेना.

मग गाडी मागून वर आली.

सहाशे दहा. त्यानं चकती दोन हेल्मेटांवर फिरवली, गाडी शेडमध्ये लावली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

रविवारी साहेब आणि मोनालीबाई आठला हजर. साहेबांनी इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं आणि खूश झाले. मोनालीबाई मागे बसायला गेल्या आणि थांबल्या.

"भाऊ, पायदानांना काय लागलंय हे? माती आहे. अजून ओली."

इसरूनं पाहिलं. एरवी दुमडलेली असणारी मागची दोन्ही पायदानं उघडी होती आणि दोन्हींवर काळी, ओली माती होती. डावं त्यानंच शुक्रवारी उघडलं होतं, कारण धुरपता लुगड्यात दोन्ही पाय डावीकडे टाकून बसायची. उजव्याला त्याचा हात लागला नव्हता.

"कुणी बसलं होतं का मागे?" साहेबांनी विचारलं.

"नाई जी. तांदळाचा कट्टा बांधला होता," इसरू म्हणाला, आणि फडक्यानं दोन्ही पायदानं पुसून दिली.

गाडी गेली. चारही सिलेंडरचा एकजीव आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत तो रस्त्यावर उभा होता. खिशातला फोन वाजला. करिश्मा होती.

"बाबा, काऊन एकटे राहून राह्यले तिथी? या न बल्लारपूरले."

"एकटा कुठी हावो बाई," तो म्हणाला. "कामात हावो. करतो मंग फोन."

दार लोटलेलं होतं. त्यानं ते उघडलं.

आत बाजेवरची गोधडी मधोमध खोल दबलेली होती. खाली, सारवलेल्या जमिनीवर, बाजेच्या दोन्ही अंगांना, कुणी दोन्हीकडे पाय सोडून बसावं तसा, ओल्या मातीचा एकेक थर होता.

इसरू उंबऱ्यावरच थांबला. पाठीमागे रस्ता मोकळा होता. बल्लारपूरची गाडी साडेदहाची होती.

मग तो न्हाणीत गेला, बादलीभर पाणी आणून बाजेजवळ ठेवलं आणि ओळख नसलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं खाली बघत म्हणाला, "पाय धुऊन घ्या."