झाकण उघडण्याआधी

निकिताच्या बाबांनी, म्हणजे निवृत्तीरावांनी, पंचवटीत तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. मीटरच्या खड्ड्यात विंचू निघायचे, क्वचित नागही. म्हणून काठीने झाकणावर दोनदा ठोकायचं, दहापर्यंत मोजायचं आणि मगच उघडायचं, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की रिटायर झाल्यावर ते घरातल्या पिठाच्या डब्यावरही ठोकायचे. "आतल्याला कळायला नको का, कुणीतरी आलंय ते?" आई गेल्यापासून निकिताला हे एवढंच माणूस उरलं होतं. ती हसायची आणि ठोकू द्यायची.

ती कोळ्यांवर संशोधन करत होती. अंजनेरीच्या पायथ्याशी एका मातीच्या दरडीत तिचे कोळी बिळं करून राहत. बिळाच्या तोंडाला माती आणि रेशमाचं, बिजागरीवर फिरणारं झाकण असायचं. वर शेवाळ, त्यामुळे नाक लावलं तरी दिसायचं नाही. कोळी ते आतून ओढून धरतो आणि किडा जवळून गेला की झडप घालतो. अशी एकेचाळीस झाकणं तिने शोधून प्रत्येकाशेजारी आकड्याची टाचणी लावली होती. सगळ्यात मोठं रुपयाच्या नाण्याएवढं.

त्या रविवारी सकाळी बाबाही बरोबर आले. दरडीपाशी ओल्या मातीचा वास दाटला होता आणि एकही किडा किरकिरत नव्हता. निकिताने पहिलं झाकण उचललं. बीळ रिकामं. दुसरंही. एकेचाळीसच्या एकेचाळीस रिकामी.

आणि त्यांच्या मधोमध, टाचणी नसलेलं एक झाकण. बशीएवढं. तिने पट्टी लावली, बारा सेंटीमीटर. आपलंच चुकलं असणार म्हणून पुन्हा लावली. तेवढंच. झाकण हाताला कोमट लागलं.

"बाबा, कशालाही हात लावू नका हं!"

"बरं बाई," दरडीच्या वरच्या टप्प्यावरून बाबांचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, "निकू, इकडे ये गं! इथे तर परातीपेक्षा मोठं आहे!"

ठक, ठक.

"थांबा, उघडू नका!" ती धापा टाकत चढू लागली. वर पोचायच्या आत कपाटाचं दार लागावं तसा हलका आवाज झाला.

वर बाबांची काठी पडली होती. शेजारी टोपी. बाबा नव्हते.

समोरच्या शेवाळात एक गोल, केसाएवढी बारीक फट दिसत होती. निकिताने त्यात चाकू घातला आणि सगळं वजन टाकलं. झाकण बोटभर उचललं गेलं.

मग आतून कुणीतरी ते सावकाश खाली ओढून घेतलं.

"बाबा!"

तिला रडू फुटलं. फोनला रेंज नव्हती. गावात धावत जाऊन माणसं आणावीत म्हणून ती उठली. पाय उचलताना बुटांना पांढरे, चिकट धागे ताणले गेले. ते चहूकडून येत होते.

ठक, ठक.

आवाज खालून आला. बाबांचंच ठोकणं, तीस वर्षांचं. जिवंत आहेत! ती हरखून खाली वाकली, तेव्हा तिला दिसलं. दुसरी एक बारीक फट तिच्या दोन्ही पायांभोवती गोल फिरली होती.

ती पळू शकली असती. पण ठोकणारे बाबा होते.

ती जागेवरच थांबून मोजू लागली. सहा. सात.