उलटा सेल

"आधीच सांगतो, आपल्या घरांत भूत मानत नाहीत. मीही मानत नाही," आनंदाकाका म्हणाले. "म्हणूनच ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही."

गॅलरीत किर्ती, पूर्वी आणि शिवा ही चाळीतली पोरं गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. साडेदहा वाजून गेलेले. समोरच्या टॉवरच्या माथ्यावरचा लाल दिवा लागत होता, विझत होता. काका आयुष्यभर वायरमन, परळमधल्या निम्म्या चाळींचे मीटर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि सावकाश सांगायला लागले.

पलीकडच्या चाळीतली अक्षता. नवरा अजित इस्पितळात लिफ्टवर, रात्रपाळीला. घरात सासू सुंदराबाई आणि चौदा महिन्यांची आरोही. सासरे रामजी आधी मिलमध्ये वॉचमन, मिल गेल्यावर तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर वॉचमन. २०२२ च्या मार्चमध्ये ते वारले. त्यांची दोन सेलची छोटी पितळी टॉर्च दाराजवळच्या खिळ्याला तशीच लटकत राहिली.

ऑक्टोबरात आरोहीला तापात झटका आला. डोळे वर, अंग ताठ, ओठ निळे. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला आणि बजावलं, पुन्हा तसं झालं तर वेळ घालवायचा नाही. त्या दिवसापासून अक्षताची झोप उडाली. रात्रीत दहादा उठून ती पोरीची छाती वरखाली होतेय का ते बघायची. ट्यूबलाइट लावली तर पोर जागी व्हायची. मोबाईल पोरीनेच पाण्याच्या टबात बुडवलेला, दुरुस्तीला दिलेला. टॉर्च होती, पण तिचा बल्ब उडालेला, आणि तसला बल्ब आता कोणी ठेवत नाही.

म्हणून एक दिवस ती लॅमिंग्टन रोडला गेली आणि पाच रुपयांचा एलईडी घेऊन आली. बसवून दिला आनंदाकाकांनी, तिच्याच घरात, पाटावर बसून. उडालेल्या बल्बची काच फडक्यात धरून फोडली, पितळी टोपी साफ केली, एलईडीचे दोन पाय आत घालून कथलाचा डाग दिला.

"काका, नवी टॉर्च शंभरात मिळते," अजित हसला.

"मिळते ना. पण ही तुझ्या बापाने वीस वर्षं आपटलीय, तरी पोचा नाही. नवी एकदा आपटून दाखव."

सुंदराबाई मात्र पाठ फिरवून तांदूळ निवडत होत्या. "त्यांचा बल्ब फोडलास, आनंदा."

"उडालेलाच होता, वहिनी."

"म्हणून फोडायचा?"

अक्षताने बटण सरकवलं. खट्ट. दुधासारखा पांढरा उजेड पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च लागेना. तिने मागचं झाकण उघडलं. दोन सेलांतला मागचा उलटा घातलेला. तिला वाटलं, आपलीच चूक. सरळ करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उलटा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

कोणी म्हणेल, घाबरली असेल. ती भुताला नाही घाबरली. भूत नसतंच, हे तिला लहानपणापासून माहीत. भूत नाही म्हणजे मग माणूस. म्हणजे रात्री कोणीतरी माझ्या घरात येतं... माझ्या पोरीच्या उशापासून चार हातांवर उभं राहतं...

तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर करणारा सावध होईल.

अजितला सकाळी चावीने दार उघडता यावं म्हणून रात्री आतून कडी नसायची. दुसरी चावी शेजारच्या दिनेशकडे. अक्षताने ती मागून घेतली.

"काय वहिनी, भरवसा उडाला काय आमच्यावर?" दिनेशने चेष्टेत विचारलं. ती हसली नाही. त्या रात्री तिने आतून कडी घातली.

सकाळी सेल उलटा.

आता घरात उरलं कोण? ती सासूकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. म्हातारी रात्री पाण्याला उठली की ही डोळे मिटून कान टवकारायची.

शनिवार, बारा नोव्हेंबर. संध्याकाळी तिने टॉर्चमधले दोन्ही सेल काढले आणि माळ्यावरच्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसले. आता बघू, कोण फिरवतं ते! पाठीमागे सुंदराबाई उभ्या होत्या.

"माझ्यापासून लपवतेस गो?"

"टॉर्चशी कोणीतरी खेळतंय, आई. तिसरं माणूस घरात नाही."

 सुंदराबाईंनी पिशवीत लुगडं कोंबलं आणि लेकीकडे अँटॉप हिलला निघून गेल्या. भांडणाच्या रागात सेल डब्यातच राहिले.

आणि रात्री आरोहीला ताप चढला.

अक्षताने औषध पाजलं. पट्ट्या ठेवल्या. दोन चाळीसला पंखा थांबला. घरातली, गॅलरीतली, सगळी लाइट गेली. मिट्ट काळोख. मांडीवरचं पोर एकदम ताठ झालं.

अक्षताने तिला अंथरुणावर ठेवलं. स्प्रे फळीवर. फळीवर वीस बाटल्या. हात घातला तर दोन खाली पडल्या. कुठली?... सेल डब्यात. डबा माळ्यावर. काडेपेटी... काडेपेटी सापडेना. ती भिंत चाचपत दाराशी गेली. निदान टॉर्च तरी हाताशी...

खिळा लागला.

खिळ्यावर टॉर्च नव्हती.

ती पुन्हा फळीकडे वळली. 

खट्ट.

मागून उजेड पडला. पिवळा. मधोमध काळा ठिपका असलेला, जुना, पिवळा उजेड. आधी फळीवर. तिसऱ्या बाटलीवर थांबला. मग खाली आला, पोरीच्या तोंडावर. माणूस उभा राहून धरेल तेवढ्या उंचीवरून येत होता. जराही हलत नव्हता.

तिने मागे बघितलं नाही. स्प्रे घेतला. एका नाकपुडीत. दुसऱ्या नाकपुडीत. पोरीला कुशीवर वळवलं. मोजत बसली... साठ... नव्वद... एकशेवीस...

आरोही रडली.

खट्ट. काळोख.

तीन दहाला लाइट आली. दाराला आतून कडी तशीच. टॉर्च खिळ्याला लटकलेली.

सकाळी अजित आला, त्याने फोन केला तशा सुंदराबाई आल्या, काकांनाही बोलावणं गेलं. अक्षताने तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. रोजचा उलटा सेलसुद्धा.

सुंदराबाई पुढे सरकल्या.

"कुठला सेल? मागचा?"

"मागचा, आई. रोज सकाळी."

"रात्रभर पहारा देऊन घरी आले की पहिलं काम ते करायचे," त्या हळूच म्हणाल्या. "मागचा सेल उलटा करायचा, मग खिळ्याला लावायची. बटणाला धक्का लागला तरी सेल जळू नयेत म्हणून. ड्यूटी संपल्याशिवाय कधी नाही केला."

"म्हणजे रोज रात्री..." अक्षताने खिळ्याकडे बघितलं.

अजितने माळ्यावरचा डबा काढला. सगळा तांदूळ परातीत ओतला. सेल नव्हते.

इथवर सांगून आनंदाकाका गॅलरीच्या कठड्याला टेकले. शिवाने विचारलं, "आणि टॉर्च, काका?"

"मीच उघडली ना. एलईडी मी लावलेलाच, पांढरा. त्यातून पिवळा उजेड निघत नाही, कोणीही सांगेल." काकांनी लाल दिव्याकडे बघितलं. "आत दोन सेल होते. मागचा उलटा... त्याला तांदळाचा एक दाणा चिकटलेला."