बेबाबाईचं नेट

योगराज माझ्या साडूचा मुलगा. मूळचा धुळ्याकडचा, पण कामासाठी जळगावात राहिलेला. घरोघरी इंटरनेटची जोडणी द्यायची, बंद पडलं की जाऊन चालू करायचं, हा त्याचा धंदा. उगाच काहीबाही सांगणाऱ्यातला तो नाही. तुम्ही शेकोटीला बसलाच आहात तर सांगतो, पण ज्याचं जेवण व्हायचं असेल त्यानं आधी जेवून यावं. नंतर घास उतरणार नाही.

दोन हजार चोवीस सालची गोष्ट. जानेवारीची एकोणीस तारीख, शुक्रवार. अमावस्या वगैरे काही नाही, वर चांगला चंद्र होता. थंडी आजच्यासारखीच.

यावलला एका गल्लीत बेबाबाईचं दुमजली घर. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, लेक दिपमाला धुळ्याला दिलेली, मुलगा भूषण पुण्यात नोकरीला. म्हातारी एकटी. तिच्याच घराच्या वरच्या खोलीत योगराजनं सर्व्हर बसवला होता. सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही रे, एक जुना कॉम्प्युटर. त्यावर राउटरचं सॉफ्टवेअर टाकायचं, की त्याच्यातून साऱ्या गल्लीला नेट जातं. कोणाला द्यायचं, कोणाचं तोडायचं, सगळं त्याच्या हातात. साठ घरं होती त्यावर.

घराच्या भिंती जाड. आत मोबाईलला रेंज म्हणून नाही. म्हातारी बोलायची ती नेटवरून, व्हिडिओ कॉल करून. दिवसातून तीस-तीस वेळा. "भूषण, काय भाजी केली रे?" "भूषण, तिकडे थंडी हाये का?"

भूषण कंटाळला. डिसेंबरच्या शेवटी त्यानं योगराजला फोन केला. "भाऊ, माझं नवीन काम सुरू होतंय. ऑफिसात हसतात लोक. आठ-दहा दिवस फक्त आईच्या मोबाईलचं नेट बंद कर. तिला सांगू नको. टॉवरचा प्रॉब्लेम आहे म्हण."

योगराजनं जळगावात बसल्या बसल्या केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. यादीतून तिचा मोबाईल शोधला आणि बंदीची खूण केली. एक तारखेला गल्लीत दुसऱ्या कामाला गेला तेव्हा म्हातारीनं त्याला अडवलं.

"योगराज, माह्या मोबाईलचं नेट कामून बंद हाये रे बापा?"

"टॉवरचा प्रॉब्लेम आहे, काकू. होईल चालू."

"बरं. होऊ दे सवडीनं. च्या घेतो का?"

चहासुद्धा घेतला त्यानं.

तीन तारखेला म्हातारी मोरीत घसरून पडली. मोरी मागच्या अंगाला, आणि मागे केळीचं गोदाम. तिथं सडक्या केळ्यांचा वास बाराही महिने. त्यामुळे वास सुटला तरी कोणाला काही वाटलं नाही. लोक समजले, लेकीकडे गेली असेल. सहा तारखेला शेजारच्या लोटनआबांना दाराखालून पाणी येताना दिसलं. नळ चालू राहिला होता. दार तोडलं. काय होतं आत ते मी सांगत नाही. दोन माणसं उलटी करत बाहेर आली, एवढं पुरे.

डॉक्टर म्हणाला, डोक्याला मार लागला, जागीच गेली असेल. सगळ्यांना बरं वाटलं. मोबाईल तिच्या हातात होता, पाण्यात फुगलेला. तो भूषणनं राखेबरोबर तापीत सोडून दिला. स्वतःच सांगितलं त्यानं योगराजला.

गुरुवारी तेरावं झालं. त्याच रात्री भूषणचा फोन. "दिपी सारखी विचारतेय, तीन दिवस आईचा फोन कसा नाही. ती बंदीची नोंद काढून टाक. मागचं सगळंच पुसून टाक. आणि गल्लीचं नेट पण बिघडलंय म्हणे. एकाच खेपेत होईल."

सर्व्हर जळगावातून उघडेना, म्हणून योगराज शुक्रवारी संध्याकाळी यावलला गेला.

लोटनआबांनी किल्ली दिली. "बिगीनं आटप, भाऊ. सात वीस झाले का बंद पडते ते. रोज. अन् नाकाले रुमाल बांधजो."

"तुम्ही चला ना आबा वर."

"मी नाही येत."

घर फिनेलनं धुतलेलं, पण फिनेलखाली तो वास होताच. गोडसर. योगराजनं स्वतःला सांगितलं, केळी आहेत. वर गेला. सर्व्हरचं झाकण उघडलं आणि पटकन मागे सरला. आत झुरळं. वळवळणारी, एकमेकांवर चढलेली. ती झटकली, तर खाली पंख्याच्या पात्यांवर तपकिरी चिकट थर. बोट लावलं तर तार सुटली. आणि त्या थरात पांढऱ्या बारीक अळ्या.

लोखंडाच्या पेटीत अळ्या, सांगा मला. खायला काय असतं त्यांना तिथं?

पण माणूस कामाचा. पंखा काढून पुसला, वीज देणारा डबा बदलला, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. जुन्या वायरी सगळ्या सोडवल्या, जमिनीवर पसरल्या, एकेक लावून तपासली, खराब निघाल्या त्या तिथंच टाकल्या. सात वाजता मशीन सुरू झालं. त्यानं लॅपटॉप जोडला आणि यादी उघडली.

साठ घरांचे मोबाईल, टीव्ही. सगळ्यांत खाली बंदीची खूण असलेला एक. नाव 'बेबाबाई'. त्यानंच लिहिलेलं.

त्याच्यापुढे नोंदी. मोबाईलनं नेट मागितलं की एक ओळ पडते. मागितलं, नाकारलं. तारीख आणि वेळ. त्यानं पुसण्यासाठी सगळ्या निवडल्या, तेव्हा डोळ्यांसमोरून गेल्या. तीन तारीख, सकाळी नऊ बारा. नाकारलं. नऊ तेरा. नाकारलं. नऊ चौदा. दुपारी. रात्री. रात्रभर. चार तारीख, पहाट...

योगराजचा हात थांबला.

जागीच गेली नव्हती ती.

चार तारखेचा अख्खा दिवस. पाच तारीख सकाळ. मग ओळी विरळ होत गेलेल्या. शेवटची... पाच तारीख, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. नाकारलं.

अडीच दिवस म्हातारी गार पाण्यात जिवंतपणी कुजत पडून होती, जाड भिंतींबाहेर हाक जात नव्हती, आणि ती मुलाला फोन लावत होती. आणि हा जळगावात जेवत होता, झोपत होता, आणि याची ती एक खूण तिला दर वेळी नाही म्हणत होती. योगराज मला म्हणाला, "काका, अळ्यांची नाही आली तेवढी किळस मला माझ्या बोटाची आली."

घड्याळात सात वीस झाले.

यादीत नवी ओळ पडली. बेबाबाई. नाकारलं.

मोबाईल तर तापीत...

वायफायच्या यादीत प्रत्येक मोबाईलपुढे रेंजचा आकडा असतो. उणे असतो. शून्याकडे जाईल तसा मोबाईल जवळ. बेबाबाईच्या पुढे होता उणे ब्याऐंशी. ही मोरी. त्यानंच कधीतरी तिथं मोजलं होतं.

उणे चौऱ्याहत्तर. स्वयंपाकघर.

नाकारलं.

उणे त्रेसष्ट. जिन्याचा पाया...

पावलाचा आवाज नाही. काहीच आवाज नाही. पुसलेला पंखा तेवढा फिरत होता. वास मात्र वर आला. तो केळ्यांचा नव्हता. नाकात नाही, जिभेवर बसत होता. जाड. गोड.

उणे एक्कावन्न.

नाकारलं. नाकारलं. नाकारलं.

त्यानं मागे बघितलं नाही. दार मागे होतं. मान वळेना.

उणे चाळीस...

उणे अठ्ठावीस...

मानेवर गार काहीतरी टपकलं. एक थेंब. चिकट.

पुसण्याचं बटण समोर होतं. दाबलं असतं तर... कोण जाणे. त्यानं नाही दाबलं. त्यानं तिच्या नावापुढची बंदीची खूण काढली. मग म्हणाला,

"काकू... लावा."

यादीत ओळ पडली. दिलं.

मग... शांत.

एक मिनिट. दोन मिनिटं. आकडा जागचा हलला नाही.

योगराजचा मोबाईल वाजला. त्याच वायफायवर. पुण्याहून भूषण.

"योगराज... आईच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला."

"उचलला?"

पलीकडे ताट खाली पडल्याचा आवाज आला.

"भूषण, उचलला का तू?"

"उचलला."

"काय दिसलं?"

पलीकडून ओकण्याचा आवाज आला. पोटातलं सगळं बाहेर पडावं तसा. मग फोन कट झाला.

योगराज लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरला. कसा उतरला ते त्याला आठवत नाही. दाराबाहेर लोटनआबा उभे होते. त्यांनी याला बघितलं आणि धोतराचा सोगा नाकाला लावून दोन पावलं मागे सरकले. कुलूप त्यांनीच लावलं.

घरी आला तेव्हा बायको दारातच म्हणाली, "कसाना वास ई राह्यना तुम्हना आंगले?" त्यानं तीन वेळा अंघोळ केली. सदरा जाळला. मग मध्यरात्री धुळ्याला दिपमालाला फोन लावून सगळं सांगितलं. भूषणचं, स्वतःचं, अडीच दिवसांचं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या ओळी मला पाठव. सगळ्या."

त्यानं पाठवल्या. दिपमालानं भावाचं तोंड पुन्हा बघितलं नाही. आणि भूषण... आता पुण्यातच असतो, पण मोबाईल ठेवत नाही. काय दिसलं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. घास तोंडाजवळ नेतो आणि ताट सारतो, असं ऐकतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आणायला म्हणून योगराज परत गेला. लोटनआबांच्या हातापाया पडून त्यांना सोबत घेतलं. दोघं वर गेले. सर्व्हर चालू होता. गल्लीत नेट चालू होतं. त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेलं नाही, विचारा यावलात कोणालाही.

पण जमिनीवर वायरी नव्हत्या. आदल्या रात्री त्यानं पसरून टाकलेल्या, पळताना तशाच सोडलेल्या वीस-पंचवीस वायरी. त्या सगळ्या सर्व्हरच्या मागून खाली लोंबत होत्या. एकीत एक घातलेल्या. तीन पेडांची, घट्ट, सरळ वेणी. बेबाबाई दिपमालाला शाळेत पाठवताना घालायची तशी, लोटनआबांनीच ओळखली.

किल्ली तर रात्रभर लोटनआबांच्या उशाखाली होती.

योगराजनं हात लावून बघितला.

वेणीला खोबरेल चोपडलेलं होतं. तेल अजून ओलं होतं... आणि कोमट.