वसुमतीचा प्रतिवक्ता

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात कित्येक वर्षांत कुणी साहेबाशी भांडलं नव्हतं. तशी वेळच येत नसे. प्रत्येकाच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा प्रतिवक्ता बसवलेला होता. प्रतिवक्ता म्हणजे आपल्या वतीनं बोलणारं यंत्र. रजा हवी, काम झेपत नाही, काहीही असो. आपण नुसतं पुटपुटायचं. तो साहेबांच्या प्रतिवक्त्याशी बोलून तोडगा काढी आणि निर्णय आपल्या कानात सांगे.

त्या सकाळी वसुमती तेंडोलकरला निर्णय ऐकू आला : "तिसरा पंप उद्यापासून पूर्ण दाबानं चालेल. तुमची आठवड्याची रजा मंजूर."

ती चरकली. पंप सुरू करायला तिची सही लागे, आणि तिनं तो बंदच ठेवायला सांगितलं होतं. त्याचा नळ गंजला होता. तो फुटला, तर खालच्या भुयारात काम करणारी माणसं बुडणार होती.

ती तडक प्रतिवक्त्यांची देखभाल करणाऱ्या डॉ. बेनिता मिस्किटांकडे गेली.

"डॉक्टर, मी नाही म्हटलं होतं. यानं माझ्या नावावर रजा घेऊन परस्पर होकार दिला!"

"तो बिघडलेला नाही, वसुमतीबाई. तुम्ही कुठे अडून बसता, कुठे नमतं घेता, हे बघूनच तो शिकलाय. दोन्ही बाजूंचं समाधान झालं की त्याचं काम संपलं."

"आणि नळाचं काय?"

"नळाला प्रतिवक्ता नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

वसुमतीनं कानामागचा दाणा उपटून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ती वर साहेबांच्या खोलीकडे निघाली.

जिन्यात तिला प्रतिवक्ते येण्यापूर्वीचे शिरसाटसाहेब आठवले. काय आवाज होता माणसाचा! टेबलावर मूठ आपटली की पेले उडायचे. नव्यानं लागलेली वसुमती एकदा त्यांच्यासमोर उभी राहून "मी सही करणार नाही" म्हणाली होती. साहेब लालबुंद झाले, पुढे बरेच दिवस बोलले नाहीत. मग एका दुपारी स्वतःच चहा घेऊन आले. "बरोबर होतं गो तुझं," एवढंच म्हणाले. त्या चहाची चव तिला आज पुन्हा जिभेवर जाणवली.

आताचा साहेब, राजस खवणेकर, तरुण होता, सज्जन होता. साहेब झाल्यापासून त्याच्याशी कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं.

"पंप चालू करायचा नाही," वसुमती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माणसं मरतील. मी सही करणार नाही."

राजसचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची मागे सरली. त्याची हनुवटी थरथरू लागली, डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही... माझ्यावर रागावलात?"

शिरसाट असते तर ओरडले असते, मग तीही ओरडली असती. पण समोरच्या रडवेल्या माणसाशी कसं भांडायचं, ते तिला आठवेना. पुढचे शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडले, अगदी मऊ.

"तसं नाही, साहेब. अर्ध्या दाबानं सुरू करून बघू या."

राजसनं डोळे पुसले आणि सुटकेचा श्वास सोडला.

"हां," तो हसून म्हणाला, "आता कशा तुमच्यासारख्या बोललात!"