तिसरी बादली

कपडे पोचवून लगेच घरी यायचं, असं ठरवूनच मी त्या दुपारी निघाले. आम्हा ज्यू लोकांत मयताला दफनाआधी आपलीच माणसं न्हाऊ घालतात. बाईला बायका, पुरुषाला पुरुष. नंतर अंगावर घालायचे बिनखिशाचे पांढरे कपडे मी शिवते. त्या दिवशीचे कपडे माझ्या थोरल्या जाऊबाईंचे होते.

दफनभूमीमागच्या खोलीत न्हाऊ घालणाऱ्या तिघींपैकी नर्सबाई एकट्याच होत्या.

"बाकीच्या दोघी तापाने पडल्यात. बाह्या वर कर."

"मी? अहो, जाऊबाईंनी मला..."

"ठाऊक आहे. आता त्या काय उठून ओरडणार आहेत?"

नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत माझ्या हातून धार तुटली होती. पाण्याच्या बादल्या तीन, पण धार एकच हवी. एक संपण्याआधी दुसरी सुरू व्हायला हवी. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. "हिच्या हातात जोर नाही. उद्यापासून येऊ नकोस," जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. त्यानंतर आमचा अबोला तो अबोलाच. आता त्यांचं शेवटचं न्हाण तरी माझ्या हातून बिघडू नये, एवढंच मनात होतं.

दार लावलं. ओल्या फरशीचा वास, नळाची टपटप. त्या खोलीत कामापुरतंच बोलतात. नखं साफ केली, केस विंचरले. मयताच्या अंगावरून वस्तू एकमेकींना द्यायची नसते, म्हणून फणीसाठीसुद्धा पायांकडून वळसा.

मग बादल्या. पहिली नर्सबाईंनी ओतली, दुसरी मी. माझी संपायच्या आत त्यांनी तिसरी उचलायची होती. पण त्यांचा खांदा भरून आला. कळ दाबत त्या भिंतीकडे वळल्या. माझी बादली हलकी होत गेली... अगदी हलकी. मी डोळे मिटले.

पाणी पडतच राहिलं. संथ, सारखं, डोक्यापासून पायांपर्यंत.

डोळे उघडले तेव्हा तिसरी बादली जाऊबाईंच्या उशाशी होती. रिकामी.

"तुम्ही..."

"नाही गं," नर्सबाई पुटपुटल्या. "मला वाटलं, तूच..."

पळून जावंसं वाटलं. पण मयताला एकटं सोडायचं नसतं. आम्ही त्यांना पुसलं, कपडे घातले. शेवटी काही चुकलं असेल तर मयताची माफी मागतात. नर्सबाईंनी मला खूण केली.

"जाऊबाई... माफ करा मला. आजचंही, आणि नऊ वर्षांचंही."

बोलले, आणि भीती कुठे गेली कोण जाणे. मी पोटभर रडले. नर्सबाईंनी पदराने माझे डोळे पुसले. "उद्यापासून येत जा," म्हणाल्या.

तेव्हापासून तिसरी बादली माझी. धार एकदाही तुटलेली नाही. काठोकाठ भरलेली बादली मी दोन्ही हातांनी उचलते, आणि ती अर्ध्याच वजनाची लागते. दुसरी बाजू कोणी धरलीय, ते मी मान वर करून बघत नाही.