कुत्रा नेमका कोणाचा

जिना अरुंद होता आणि त्यावर आधीच दोघं उभे होते. एक तरुण आणि एक कुत्रा.

शाल्मली खालच्याच पायरीवर थांबली. हातात लॅपटॉपची पिशवी, खांद्यावर ओढणी, आणि छातीत धडधड... ती कुत्र्यामुळे होती. निदान तेव्हा तरी कुत्र्यामुळेच होती. लहानपणी पोटरीला चावा बसल्यापासून ती कुत्र्याच्या चित्रापासूनही जरा अंतर राखून असे.

तरुणानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे. भिंतीला अंग चिकटवून तो कुत्र्याला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं साहेब. आमाले काही घाई नाई."

कुत्रा पुढे झाला. तांबूस रंग, एक कान उभा, दुसरा पडलेला. शाल्मली बघतच राहिली. तिच्या ओळखीतले पुरुष बायकोलाही इतक्या अदबीनं वाट देत नसत.

"या ना," तो म्हणाला. "मी बी वरच चाललो."

"हो... मीही."

लोकांची मुलं आणि लोकांचे कुत्रे यांचं त्यांच्यासमोर कौतुक करावं, एवढी रीत तिला ठाऊक होती. "छान आहे हं," ती म्हणाली.

"हो," तो जरा थांबून म्हणाला, "लय शांत दिसते."

स्वतःच्या कुत्र्याचं कौतुकही किती बेतानं करतो, असं तिला वाटलं. वर पोचेपर्यंत तो तिला बराच आवडला होता.

वर म्हणजे महादेवरावांचा हॉल. आर्वीला बाजार समितीच्या रस्त्यावर त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि दुकानाच्या डोक्यावर हा हॉल. पूर्वी तिथं बारशी आणि साक्षगंधं व्हायची. मग पुण्याकडे लोक नुसती खुर्ची भाड्यानं घेऊन काम करतात, असं महादेवरावांनी ऐकलं. खुर्च्या त्यांच्याकडे होत्याच. त्यांनी इन्व्हर्टर बसवला, इंटरनेट घेतलं आणि ज्यांच्या कंपन्या दूर आणि घरं गजबजलेली, अशा चार-सहा जणांना हॉल वापरायला दिला. खुर्च्यांना मागं साटिनचे गुलाबी बो अजून तसेच होते. त्यामुळे कुणीही कामाला बसलं, की आता ओटी भरतील असं वाटे.

शाल्मली पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे दावे तपासायची. घरून काम करून पाहिलं होतं, पण बाबा निवृत्त मुख्याध्यापक. मीटिंग सुरू असताना ते मागून येत आणि तिच्या साहेबांचं इंग्रजी दुरुस्त करून जात. म्हणून हा हॉल. तरुणाचं नाव अंकुश. नाचणगावचा, आर्वीत मामाकडे राहणारा, नागपूरच्या कंपनीसाठी शेतांचे नकाशे करणारा. सकाळी सगळ्यात आधी तो येई आणि हॉलचं दार उघडे. त्याच्या मागून कुत्रा आत येई. संशयाला जागाच नव्हती.

घरी तिनं सहज सांगितलं, की ऑफिसात एक कुत्रा असतो. आई, म्हणजे सुधाताई, आनंदल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या पहिली पोळी कुत्र्याची काढायच्या. पण गल्लीतले कुत्रे अलीकडे बिस्किटांवर गेल्यामुळे ती पोळी वाळून जात होती.

"ने तू रोज," आई म्हणाली. "त्याला उपाशी ठेवू नको हं."

"अगं, त्याचा मालक आहे ना त्याला."

"मालक पुरुष आहे ना? मग राहिलाच तो उपाशी."

तेव्हापासून डब्यात एक पोळी जास्त येऊ लागली. शाल्मली ती दोन बोटांच्या चिमटीत धरी, हात लांब करी, डोळे मिटी आणि सोडून देई. समोरच्या टेबलाशी अंकुश खुर्चीवर मांडी घालून बसलेला असे. ती मांडीही तिला आवडायची. किती साधा माणूस... खुर्चीतही घरच्यासारखा बसतो.

"रोज आणता तुम्ही?" त्यानं एकदा विचारलं.

"आणावीच लागते. आईचा तसा हुकूमच आहे."

"घरच्या सगळ्यायचा जीव दिसते याच्यावर."

"न बघताच," ती म्हणाली. हे त्याला नीट कळलं नाही, पण तो हसला. हसला की त्याच्या उजव्या भुवईजवळ एक बारीकशी घडी पडे. ती पडावी म्हणून मग शाल्मली काहीबाही बोलू लागली.

"याला ताक चालतं का हो?"

"आता... तुम्हाले जास्त माहीत."

"मला काय माहीत? तुम्हीच सांगा."

"थोडं देऊन पाहा ना," अंकुश अंदाज घेत म्हणाला. "नाई पटलं तं सांगंल तो."

असं त्यांचं बोलणं चाले. कुत्र्याची झोप, कुत्र्याची भूक, कुत्र्याला थंडी वाजते का. अंकुशला भावंडं किती, हे तिला माहीत नव्हतं. शाल्मलीला गाणी कुठली आवडतात, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण कुत्रा कुठल्या कुशीवर झोपतो, यावर ते अर्धा तास बोलू शकत.

हंगाम कापसाचा होता. खाली रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागत आणि हवेत बारीक तंतू तरंगत राहत. एका संध्याकाळी दोघं गॅलरीत उभे असताना एक तंतू तिच्या केसांत अडकला. अंकुशनं हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि तोच हात खाली बसलेल्या कुत्र्याकडे वळवला. मग तोही अर्ध्यावर थांबवला. शेवटी त्यानं तो खिशात घातला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाई. साहेबायच्या... कानावर कापूस आहे म्हटलं."

कुत्र्याच्या कानावर काही नव्हतं. शाल्मलीला घरी आरशात कळलं. तो तंतू तिनं बराच वेळ काढला नाही.

घोटाळा झाला तो काजलच्या क्लासमुळे. काजल कोपऱ्यात बसून ऑनलाइन शिकवणी घ्यायची. एके दिवशी अपूर्णांक चालू असताना कुत्रा भुंकला. चौथीचा वर्ग पडद्यावर एकदम जागा झाला आणि कुत्रा दाखवा म्हणू लागला. काजल थेट महादेवरावांकडे गेली. महादेवरावांनी शनिवारी बैठक बोलावली. विषय ठेवला, चार जणांच्या कामाच्या जागी पाळीव कुत्रा असावा की नसावा.

शाल्मलीची शुक्रवारची रात्र वाईट गेली. कुत्र्याला बंदी झाली तर अंकुश त्याला टाकून थोडाच येणार? जो माणूस कुत्र्याला अहो-जाहो करतो, तो बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे जाणार. मग उरेल काय? गुलाबी बो लावलेली एक रिकामी खुर्ची. तिनं ठरवलं, कुत्रा टिकला पाहिजे. ज्याच्या नुसत्या शेपटीनं आपल्या अंगावर काटा येतो, त्याच्यासाठी भांडायचं.

बैठकीत आधी काजल बोलली. "काका, तो भुंकल्यापासून पोट्टे अपूर्णांक सोडून कुत्र्याचंच विचारून राह्यले. आता क्लासला येतात ते कुत्र्यासाठीच येतात."

"पहिले येत होते का?" महादेवरावांनी विचारलं.

काजल खाली बसली.

मग शाल्मली उभी राहिली. कुत्र्यामुळे कामाचा ताण कमी होतो, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते तिला आठवत नव्हतं, त्यामुळे ती अधिकच ठासून बोलली. बोलता बोलता कुत्र्यानं येऊन तिच्या पावलावर हनुवटी टेकवली. तिचा आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. सगळ्यांना वाटलं, पोरगी मनापासून बोलते आहे.

मग अंकुश. "मी काही बोलणारा माणूस नाई," तो मांडी न मोडता म्हणाला. "पण आपण सारे दिवसभर कानात बोळे घालून बसतो. बाजूच्याचं नाव माहीत नसते. हा एकटा साऱ्यायच्या टेबलापाशी जाऊन इचारपूस करते. त्याले काढलं तं... इथं येणं मले तरी जमणार नाई."

बघा, शाल्मलीच्या मनात आलं. जाणारच होता.

महादेवरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "ठीक आहे. राहू दे कुत्रा. पण मालकानं इंजेक्शन टोचून आणाव, घाण केली तं मालकानं उचलाव. काऊन अंकुश, टोचलं का याले?"

"मले काय माहीत काका?" अंकुशनं शाल्मलीकडे बोट केलं. "यायले विचारा ना. कुत्रा यायचा आहे."

"माझा?" शाल्मली म्हणाली. "माझा कुठला? तुमचा आहे ना?"

"माहा नाई."

"माझाही नाही."

कुत्र्यानं जांभई दिली.

"अहो, तो रोज तुमच्या मागून आत येतो," ती म्हणाली.

"मी दार उघडतो म्हून येते तो. पोळी तं तुम्ही आणता."

"ती आईची पोळी आहे. आणि साहेब कोण म्हणतं त्याला?"

"भेव वाटते म्हून म्हणतो," अंकुश म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "मांडी बी त्याच्यासाठीच घालून बसतो. पाय खाली सोडायची हिंमत होत नाई."

महादेवरावांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे दिवाळीपासून तुम्ही दोघं कुत्र्याले घाबरून राह्यले, अन् दोघंबी त्याची तरफदारी करून राह्यले. आपला विषय पाळीव कुत्र्याचा होता. हा पाळीवच नाई. म्हणजे बैठकच झाली नाई."

"मग भुंकलं कोण?" काजलनं विचारलं.

हा मुद्दा कुणालाच सोडवता आला नाही. सोमवारपर्यंत कुणी कुत्रा आपला म्हणून पत्करला तर ठीक, नाहीतर त्याला जिना बंद, असं ठरलं. उठताना काजल शाल्मलीच्या कानाशी म्हणाली, "ताई, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"कुत्रा कुणाचा नाही, हे?"

"ते नाही. दुसरं."

सोमवारी शाल्मली लवकर आली. पिशवीत नवा लाल पट्टा होता. जिन्यात अंकुश उभा होता, हातात नवा निळा पट्टा घेऊन. दोघांनी एकमेकांचे पट्टे पाहिले आणि एकदमच मागं लपवले. मग लक्षात आलं की मधली पायरी रिकामी आहे.

कुत्रा आलाच नव्हता.

"शोधायचं?" तिनं विचारलं.

"शोधू. पण सापडला तं पकडंल कोण?"

याचा विचार चालता चालता करू, असं ठरलं. ते बाजाराच्या रस्त्यानं निघाले. सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागं पाहिलं, एसटी डेपोत पाहिलं. पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये कुत्रा नव्हता, आणि बोलायला विषय नव्हता. शेवटी अंकुशच म्हणाला,

"एक इचारू?"

"विचारा ना."

"शनिवारी तुम्ही कुत्र्यासाठी एवढ्या काऊन बोलल्या?"

"तुम्ही काऊन बोललात?"

तिच्या तोंडी 'काऊन' ऐकून त्याच्या भुवईजवळ घडी पडली. "मी पहिले इचारलं."

शाल्मली समोरच्या उसाच्या गाडीकडे बघत राहिली. "कुत्र्याला काढलं असतं तर... त्याचा मालकही गेला असता, असं वाटलं."

अंकुश थांबला. हातातल्या निळ्या पट्ट्याचं बक्कल त्यानं उगाच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मले बी तेच वाटलं," तो म्हणाला. "मालकीण जाईल म्हून."

मग दोघं पुढे चालू लागले. कुत्रा शोधायचा आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो आपणहून दिसला. एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात, उन्हाच्या पट्ट्यात, डाव्या कुशीवर. बाजूला स्टुलावर शिपाई तंबाखू मळत होता.

"हा कुत्रा..." शाल्मलीनं सुरुवात केली.

"आमचा आहे," शिपाई म्हणाला. "दिवाळीपासून दौऱ्यावर गेलता. आज जॉइन झाला."

"इथं चालतो कुत्रा?"

"मले तं कोणी काही म्हटलं नाई. त्याले बी कोणी म्हटलं नसंल."

कुत्र्यानं एक डोळा उघडून दोघांकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. डोळा मिटला. लाल पट्टा आणि निळा पट्टा हातात घेऊन ते दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. शिपायानं तंबाखूवर थाप मारली, चिमूट तोंडात सोडली आणि त्यांना नीट न्याहाळलं.

"बाबू जेवायले गेले," तो म्हणाला. "तुमचं कोणाकडं काम आहे?"

अंकुशनं शाल्मलीकडे पाहिलं. मध्ये कुत्रा होता, पण तो झोपला होता, आणि अंकुश त्याला ओलांडून अलीकडे आला.

"माहं... यायच्याकडं आहे."

शिपायानं मान वळवली. "अन् बाई, तुमचं?"

"माझंही," शाल्मली म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी खालच्या पट्टीत गेला, "यांच्याकडेच आहे."

शिपायानं दोन्ही अर्ज मनातल्या मनात पडताळून पाहिले. "मंग इथं काऊन आले?" तो म्हणाला. "घरी जाऊन बसा ना."

सरकारी कार्यालयातून पहिल्याच खेपेला काम होऊन ते बाहेर पडले. सल्ला दोघांना पटला होता. फक्त आधी कुणाच्या घरी जायचं, हे कोपऱ्यापर्यंत ठरेना. ती त्याच्या मामाच्या घराकडे वळली, आणि तो तिच्या.